उडालेल्या रंगाची बाजू

पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनलेली जुनी घड्याळं जमवणाऱ्यांत एक वाद कधीच मिटत नाही. काचेभोवतीच्या फिरत्या कडीवर, म्हणजे बेझलवर, जी आकडे असलेली चकती बसवलेली असते, ती काळीभोर असावी की रंग उडालेली? माझं मत असं, की आधी ती मूळची असावी. मूळची असून काळी राहिली असेल तर उत्तमच, पण मूळची फिकी चकती काढून तिथे नवी काळी बसवणं मला पटत नाही. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ब्लँपेनचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचं ‘सबमरिनर’ १९५३च्या सुमारास आलं, सेकोचं पहिलं डायव्हर घड्याळ १९६५ साली. मुंबईत १८६५पासून पाय रोवलेल्या फाव्हर-ल्यूबाने १९६०च्या दशकात खोली दाखवणारं ‘बाथी’ काढलं. पुढे २०११मध्ये ही स्विस कंपनी टायटनने विकत घेतली. बुडी मारताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, की पाण्याखाली किती मिनिटं गेली ते वाचता येतं. एवढंच त्या कडीचं काम.

खरी गंमत चकतीच्या रंगात आहे. त्या काळातल्या बऱ्याच चकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या. पत्रा आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा कडक थर चढतो. या थराला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्यांत रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्याने ती छिद्रं बंद करायची. रंग असा थराच्या आत बसतो, म्हणून तो नखाने खरवडून निघत नाही, पण ऊन त्याला सोडत नाही. अतिनील किरणांनी सेंद्रिय रंगाचे रेणू तुटतात. काळा रंग अनेकदा मिश्रणाचा असल्याने त्यातला एक घटक आधी जातो, दुसरा मागे राहतो, आणि चकती कुठे राखाडी, कुठे तपकिरी होते. दुसऱ्या ठिकाणी दिवस आहे की रात्र हे दाखवणाऱ्या लाल-निळ्या चकतीतला लाल तर चक्क गुलाबीकडे झुकतो. एकाच कारखान्यातून निघालेली दोन घड्याळं, एक कपाटात राहिलेलं आणि एक उन्हात वापरलेलं, पन्नास वर्षांनी ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी दिसतात. कारखान्याने एकसारख्या बनवलेल्या वस्तूंत हा फरक वापराने पडलेला असतो, आणि फिक्या चकतीची किंमत माझ्या लेखी तिथे आहे. ती सुंदर दिसते हा त्यातला दुय्यम भाग.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक टोकदार होतो. भारतातून जगभर जाणाऱ्या, डायल नव्याने रंगवलेल्या जुन्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातातलं कसब त्यांना दिसत नाही, हे खरं. गिऱ्हाइकाला चकाचक घड्याळ हवं होतं आणि कारागिराने ते दिलं, यात गैर काहीच नाही. पण त्या चकाकीखाली मूळ गेलं तर ते परत येत नाही. चांगल्या हेतूनेही मूळ कसं झाकलं जातं, याचं मोठं उदाहरण आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची चित्रं जपण्यासाठी निजाम सरकारने १९२०च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारं प्लास्टर घट्ट केलं, हे उपकारच. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे काळवंडला आणि पुरातत्त्व खात्याला तो सावकाश काढत बसावं लागलं.

यावर पहिला आक्षेप असा, की चकती म्हणजे भिंत नव्हे, ती बदलता येते आणि पुन्हा बसवताही येते. मान्य, पण जुनी जपून ठेवली तरच. दुरुस्तीनंतर ती कचऱ्यात जाते, अडचण तिथेच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घड्याळ हे साधन आहे, आणि आकडे बहुधा बिनरंगी धातूचे असल्याने भोवतालचा काळा रंग उडाला की ते वाचताच येत नाहीत. तरीही पन्नास वर्षांची रबरी वायसरं घातलेलं घड्याळ तपासणीविना घेऊन तारकर्लीच्या पाण्यात उतरणारा माणूस चकतीच्या रंगाची काळजी करण्याच्या पलीकडे गेलेला असतो. तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी थोडा नमतो. रंग उडवता येतो. ब्लीचमध्ये बुडवून काही मिनिटांत ‘पन्नास वर्षं’ मिळतात, आणि फिक्या चकतीला भाव असल्याने ती विकलीही जाते. म्हणून एकट्या चकतीवर विश्वास ठेवू नये. काटे आणि डायलवरचा चमकता लेप सारखाच पिवळला आहे का, केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, कडा किती झिजल्या आहेत, चकतीवरच्या ओरखड्यांत आणि कडेला रंग कमीजास्त गेला आहे का, हे सगळं एकत्र पाहावं. लेप पिवळा पडण्याचं आणि रंग उडण्याचं कारण वेगळं असल्याने ते तंतोतंत जुळणार नाहीत, पण कोऱ्या कडांच्या केसवर पांढरीफटक चकती दिसली तर विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. हा वाद मुळात अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांचा. रोलेक्सने २००५मध्ये दोन ठिकाणच्या वेळा दाखवणाऱ्या जीएमटी घड्याळावर सिरॅमिकची चकती आणली आणि इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. सिरॅमिकचा रंग उन्हाने उडत नाही.