बोडीतलं हिरवं पाणी औषधाचा अंश गिळतं, पण…

वडसा भागातल्या बोड्या नि मामा तलावांचं पाणी हिरवं झालं की आपण नाक मुरडतो. त्या हिरव्या रंगात डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शेवाळ असतं. ते आपल्या उपयोगाचं ठरू शकतं. कसं, ते पाहा.

गाईला दगडी झाली की ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं प्रतिजैविक टोचलं जातं. त्याचा बराच भाग शेण-मुतातून तसाच बाहेर पडतो. पावसात कोठ्यातलं पाणी बोडीत जातं, पुढे नाल्यानं वैनगंगेला मिळतं. अशा थोड्या थोड्या औषधात वाढलेले जंतू चिवट होतात. मग तेच औषध गुरालाही लागू पडत नाही आणि माणसालाही नाही. २००७ साली हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. आपल्याकडे तसे कारखाने नाहीत, पण पाण्याची वाट तीच.

क्लोरेला, सिनेडेस्मस ही गोड्या पाण्यातली शेवाळं औषधाचा काही अंश अंगाला चिकटवून घेतात, काही आत घेऊन मोडतात. टेट्रासायक्लिन तर उन्हानंही फुटतं. शेवाळावर पाणी शुद्ध करणं तसं नवं नाही. सांडपाण्याच्या ऑक्सिडेशन तळ्यात शेवाळच जंतूंना प्राणवायू पुरवतं.

मात्र घाई नको. प्रत्येक औषध सारखं निघत नाही, आणि बरेचसे प्रयोग अजून प्रयोगशाळेतलेच आहेत. शिवाय शेवाळ पाण्यातच मेलं तर धरलेलं औषध परत सुटू शकतं, म्हणून ते वेळेवर काढावं लागतं. पाण्यावर निळसर-हिरवी साय धरली असेल तर तिथं गुरं पाजू नका, ती विषारी असू शकते.

तेव्हा आधी उगमच आवरा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय सुई नको. दिलेला डोस पुरा करा. औषध चालू असताना आणि त्यानंतर सांगितलेले दिवस दूध विकू नका. उरलेल्या बाटल्या बोडीत फेकू नका. कोलिस्टिनवर तर २०१९ पासून जनावरं, कोंबड्या नि मत्स्यपालनासाठी बंदीच आहे.

सरपंच-ग्रामसेवकांनी कोठ्यांचं पाणी थेट तलावात जाणार नाही, एवढी सोय ग्रामसभेत मांडावी. तलावावर ढिवर बांधवांची मासोळी आहे, गावाची आंघोळ आहे. शेवाळ मदतीला येईल तेव्हा येईल, पण तोवर नाली वळवणं आपल्याच हाती आहे.