इटलीची जुनी शहरे म्हातारपणी कशी पाहावीत



मुलंबाळं मार्गी लागली की आपल्यातले बरेच जण आता टियुलला युरोपात जातात. त्यात इटली जवळची. तेल अवीवहून विमानात बसलं की चार तासांच्या आत रोम. पण परत आलेल्यांना विचारलं तर पुष्कळ जण म्हणतात, "सगळं बघितलं, पण पाय गेले." आठ दिवसांत सात शहरं धावत केली तर दुसरं काय होणार? काही जण तर "आता आपलं वय राहिलं नाही" म्हणून जायचंच टाळतात.

मला दोन्ही पटत नाही. ही शहरं उतारवयात बघण्यासारखीच आहेत, फक्त ती बसून बघायची. दिवसाला एकच मोठी जागा, आणि एका शहरात तीन रात्री तरी मुक्काम. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या तीन शहरांना दहा दिवस द्या. एवढी सवड नसेल तर एक शहर कमी करा, दिवस कमी करू नका.

एवढं चालावं का लागतं?

ही शहरं मोटारी येण्याच्या शेकडो वर्षं आधीची. गल्ल्या अरुंद, म्हणून गावाच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी बंदी असते. ग्रुपची मोठी बस लांब उभी राहते आणि तिथून सगळे झेंड्याच्या मागे चालतात. टॅक्सीला मात्र आत जाता येतं. म्हणून गावाच्या मध्यावर, लिफ्ट असलेलं लहान हॉटेल घेतलं तर थोडे पैसे जास्त जातात, पण पाय वाचतात. हॉटेल ठरवताना आणखी एक विचारा: न्हाणीघरात टब आहे की साधा शॉवर? टबची कड ओलांडताना म्हातारी माणसं पडतात. शॉवरच मागून घ्या.

रोमच्या रस्त्यांवर लहान काळे दगड बसवलेले असतात, त्यांना 'सांपिएत्रिनी' म्हणतात. मध्ये फटी असतात आणि पावसात ते निसरडे होतात. आपल्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर टियुल तर संपतोच, पण पुढे घरातलं चालणं-फिरणंही दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून नवे बूट घालून निघू नका. दोन महिने वापरलेले, रबरी तळाचे, टाच धरून ठेवणारे बूट घाला. काठी न्यायला लाजू नका. डायबेटिस असेल तर रोज रात्री तळपाय आणि बोटांमधली जागा बघा. नीट दिसत नसेल तर सोबतच्या माणसाला बघायला सांगा.

दिवस कसा आखावा

इटालियन लोकांची रीत आपल्याला सोयीची आहे. सकाळी लवकर एक जागा बघायची. दुपारी पुष्कळ चर्च आणि लहान दुकानं बंद असतात, तेव्हा आपणही हॉटेलवर येऊन जेवावं आणि आडवं व्हावं. संध्याकाळी सगळं गाव चौकात फिरायला उतरतं, तेव्हा आपण बाकावर बसून बघावं. चौकाला तिथे 'पियाझ्झा' म्हणतात. चर्च, कारंजी, जुने वाडे, माणसं, सगळं तिथे बसल्या जागी दिसतं.

एप्रिल-मे किंवा सणांनंतरचा ऑक्टोबर बरा. जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, पण रांगा मोठ्या लागतात. तो दिवस चौकासाठी ठेवा.

रोम

कोलोसिअममध्ये लिफ्ट आहे. जवळच टायटसची कमान आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी आपलं बेथ हामिकदाश पाडलं आणि तिथली मेनोरा लुटून नेली, ती मिरवणूक या कमानीच्या आतल्या बाजूला कोरलेली आहे. इस्राएलच्या राजचिन्हातली मेनोरा याच शिल्पावरून घेतली. तुमच्या पर्समधल्या पासपोर्टावर बघा, तीच आहे. रोमचे ज्यू कित्येक शतकं या कमानीखालून जात नसत. कमानीजवळची वाट जुन्या मोठ्या दगडांची, फार उंचसखल आहे, तिथे कुणाचा तरी हात धराच.

दुसरा दिवस टायबर नदीकाठच्या गेट्टोसाठी ठेवा. १५५५ मध्ये पोप चौथे पॉल यांनी ज्यूंना इथे भिंतीआड कोंडलं, ते १८७० पर्यंत. आजचं मोठं सिनेगॉग १९०४ मध्ये पुरं झालं. त्याचा घुमट चौकोनी आहे, म्हणून गोल घुमटांच्या गर्दीत तो लांबून ओळखू येतो. म्युझियम त्याच इमारतीत आहे. आत जाताना तपासणी होते, पासपोर्ट जवळ ठेवा. शब्बाथ आणि सणांना पाहुण्यांसाठी बंद असतं. रस्त्यात दारांसमोर पितळी पाट्या बसवलेल्या दिसतील, त्यांवर नावं आहेत. १६ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनांनी रोममधून धरलेल्या हजारांहून जास्त ज्यूंना ऑशविट्झला पाठवलं. त्यांतले फक्त १६ परत आले.

सिनेगॉगसमोर नदीत एक बेट आहे. तिथे जाणारा फाब्रिचिओ पूल इ.स.पूर्व ६२ चा, अजून वापरात आहे. बेटावर एक जुनं हॉस्पिटल आहे. १९४३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ज्यू माणसांना पेशंट म्हणून दाखल करून घेतलं आणि केसपेपरवर 'के' नावाचा एक रोग लिहिला. असा रोग जगात नाही. झडतीला आलेल्या सैनिकांना सांगितलं, फार भयंकर संसर्ग आहे. ते आत शिरले नाहीत. डॉ. जोव्हान्नी बोर्रोमेओ यांचा याद वाशेमने पुढे सन्मान केला. मी जन्मभर वॉर्डात काम केलं. केसपेपरवर खोटं लिहायचं नसतं हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पण या एका खोट्याला माझा नमस्कार.

परत येऊन गेट्टोतच जेवा, कोशेर हॉटेलं आहेत. अख्खं तळलेलं आर्टिचोक ही रोमच्या ज्यूंची खास चीज. फुलासारखं उमललेलं, कुरकुरीत असतं. दोघांत एक पुरे.

फ्लॉरेन्स

रोमहून वेगवान गाडीने साधारण दीड तास. कॅथेड्रलच्या मोठ्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर चढू नका. टॅक्सीने पियाझ्झाले मिकेलान्जेलो या टेकडीवर जा. तिथून तो घुमट पुरता दिसतो, आणि थोडं बाजूला सिनेगॉगचा हिरवा घुमटही. हे सिनेगॉग १८८२ चं. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी त्यात सुरुंग लावले, तरी ते उभं राहिलं.

मिकेलान्जेलोचा दाविद आक्काडेमियात आहे. पाच मीटरहून उंच, एकाच संगमरवरी दगडातला. तिकीट आधी काढून ठेवा. राजा व्हायच्या आधीचा हा दाविद, खांद्यावर गोफण. त्याच्या उजव्या हातावरच्या शिरा बघा, सलाईन लावायला सोप्या!

व्हेनिस

इथे मोटार नाही, आणि जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या. म्हणून बॅग लहान घ्या आणि हॉटेल 'वापोरेत्तो' म्हणजे पाण्यावरच्या बसच्या थांब्याजवळ घ्या, मध्ये पूल नको. स्टेशनवरून एक नंबरची बोट मोठ्या कालव्यातून सावकाश सान मार्कोला जाते. बसून सगळे वाडे दिसतात.

'गेट्टो' हा शब्दच इथला. १५१६ मध्ये ज्यूंना ज्या भागात ठेवलं तिथे पूर्वी धातू ओतायचा कारखाना होता, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. जागा थोडी, माणसं जास्त, म्हणून मजल्यावर मजले चढले. सिनेगॉगं पाच, पण वरच्या मजल्यांवर. जिने झेपत नसतील तर चौकात बसा आणि वर बघा. एका ओळीत पाच मोठ्या कमानदार खिडक्या दिसल्या की ते सिनेगॉग, तोराच्या पाच पुस्तकांच्या पाच खिडक्या.

पाणी, औषधं, कागद

आपल्या बायका टॉयलेटच्या भीतीने पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. असं करू नका. रोममध्ये जागोजागी नळ आहेत, पाणी थंड, पिण्याचं आणि फुकट. बाटली भरून घ्या. कॉफीच्या दुकानाला तिथे बार म्हणतात. एक कॉफी घेतली की टॉयलेट वापरता येतं. उभ्याने प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर बरेचदा महाग. पण बसायचे पैसे द्या, ते वाया जात नाहीत.

लघवी जास्त होणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वेळ बदलायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, तीन-चार दिवसांची जास्त घ्या. गोळ्यांची मूळ औषधी नावं इंग्रजीत लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव तिथे वेगळं असेल. प्रवासाच्या बिटुआखमध्ये जुने आजार लपवू नका, लपवले तर ऐनवेळी पैसे मिळत नाहीत. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. अडचणीला फोन ११२. रेल्वे स्टेशनवर व्हीलचेअर आणि मदतनीस फुकट मिळतात, पण आधी कळवावं लागतं. मुलांकडून ते करून घ्या.

आणि बाकावर बसलात म्हणून कोणी "चला, चला, उशीर झाला" म्हटलं, तर सांगा, तुम्ही व्हा पुढे, आम्ही इथेच बघतोय.