खोडकर राखणदार आणि त्याच्या वाटेतील धोके

सात-बाराच्या उताऱ्यावर पिकांची नोंद असते, विहिरीची असते, बांधावरील झाडांचीही असते. वस्तीवरील कुत्र्याची नोंद मात्र त्यात नसते. तरीही रात्री गोठ्यामागे पाचोळा वाजला तर प्रथम जागा होतो तो कुत्राच. मोत्या असो, वाघ्या असो की खंड्या, शेतकऱ्याच्या संसारात त्याचे स्थान ठरलेले आहे. बैलाची किंमत होते, गाईच्या दुधाचा हिशेब होतो; कुत्र्याच्या राखणीचा हिशेब कोणी मांडत नाही. म्हणूनच त्याच्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टींकडेही पुरेसे लक्ष दिले जात नाही.

खोडीचे मूळ

कुत्र्याच्या खोड्या घरोघरी परिचित आहेत. जोडातील नेमकी एकच चप्पल नाहीशी होते. ठिबकची नवी नळी दोन ठिकाणी चावलेली आढळते. नुकत्याच पाणी दिलेल्या वाफ्यात खड्डा उकरून स्वारी आरामात पहुडलेली असते. कोंबड्यांची दाणादाण उडते आणि सकाळी दूध नेणाऱ्या मोटारसायकलचा पाठलाग तर नित्यनेमाने होतो. मालक रागाने दगड भिरकावतो किंवा कुत्र्याला दिवसभर साखळीने जखडून ठेवतो. यापैकी एकाही उपायाने कुत्रा सुधारत नाही.

खोडीमागील कारण ओळखल्यास उपाय सोपा होतो. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात व सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे सापडेल ते चावले जाते. अशा वेळी गाठ मारलेला जाड दोर त्याच्यापुढे टाकावा व नळ्यांची वेटोळी उंचावर टांगावी. ओल्या वाफ्यात तो उकरतो ते उन्हाच्या काहिलीमुळे; झाडाखाली सावली व पाण्याचे मडके मिळाले की वाफे बहुधा वाचतात. कोंबड्यांची सवय पिल्लू लहान असतानाच, त्याला दोरीने धरून, हळूहळू लावावी. घडून गेलेल्या खोडीबद्दल तासाभराने दिलेला मार व्यर्थ जातो, कारण मार कशाबद्दल आहे हे कुत्र्याला उमगत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जे नाक भाकरीच्या टोपलीपर्यंत पोहोचते, तेच नाक रात्री परक्याचा वास घेते. जे तोंड चप्पल पळवते, तेच तोंड भुंकून घर जागे करते. खोडी आणि राखण ही एकाच स्वभावाची दोन अंगे आहेत. हाच स्वभाव त्याला संकटातही लोटतो आणि ती संकटे बहुतांशी माणसानेच त्याच्या वाटेत मांडून ठेवलेली असतात.

तोंडावाटे जाणारे विष

उंदरांसाठी भरड, गोडेतेल व झिंक फॉस्फाईड यांचे आमिष करण्याची पद्धत शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तेलाच्या वासाने उंदराप्रमाणे कुत्राही आकृष्ट होतो. हे विष पोटातील आम्लाशी संयोग पावले की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. त्यावर नेमका उतारा उपलब्ध नाही. म्हणून आमिष उघड्यावर, पत्रावळीवर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवू नये. ते बिळात खोलवर सरकवून बिळाचे तोंड मातीने बुजवावे आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. ब्रोमाडिओलोनची वडी खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस धडधाकट दिसतो; त्यानंतर हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाऊ लागते. यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, परंतु तो वेळेवर व्हावा लागतो.

फवारणीची कित्येक औषधे सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील असतात. ती पोटात गेल्यास लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरते. पशुवैद्य त्यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात. थिमेट या नावाने परिचित असलेल्या फोरेट या दाणेदार औषधावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. जुन्या पुड्या घराच्या माळ्यावर पडून असतील तर त्या तशाच ठेवणे धोक्याचे आहे. त्यांच्या विल्हेवाटीबाबत कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांचा सल्ला घ्यावा. विषबाधेचा संशय येताच ताक, मीठपाणी किंवा तेल पाजत बसू नये. औषधाची पुडी अथवा बाटली सोबत घेऊन कुत्र्यास तडक पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. कोणते विष पोटात गेले हे कळले म्हणजे उपचाराचा निम्मा वेळ वाचतो.

माणसाला निरुपद्रवी असलेले काही पदार्थही कुत्र्याला बाधतात. कांदा व लसूण अधिक प्रमाणात खाल्ल्यास त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. द्राक्षे व बेदाणे यांमुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. नाशिक आणि तासगाव भागातील बागा व बेदाण्याच्या शेडवर राखणीस असलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. कोंबडीची शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या टोकदार चिपा होतात. तीही घालू नयेत.

साप आणि कुसळ

गवतात काही हालले की कुत्रा प्रथम नाक पुढे करतो. त्यामुळे सर्पदंश बहुधा थोबाडावर किंवा पुढच्या पायावर होतो. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप शेतीच्या परिसरात आढळतात. घोणस चावल्यास सूज झपाट्याने चढते व रक्तस्राव होतो. मण्यारच्या दंशाची खूण मात्र जेमतेम दिसते. सकाळी कुत्र्याचे पाय लुळे पडलेले आढळतात. दंश झाल्यास गळ्यातील पट्टा तत्काळ काढावा, कारण मान सुजली की तोच फास बनतो. जखम कापू नये, आवळून बांधू नये, कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. या चारही सापांच्या विषावर माणसांसाठी जी प्रतिविषाची लस वापरली जाते, तीच पशुवैद्य कुत्र्यासही देतात.

पावसाळा संपला की माळावरील कुसळी गवत वाळते. त्याचे कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरले तर उलट बाहेर येत नाही, आत आतच सरकते. कुत्रा सारखे डोके झटकू लागला किंवा पंजा चाटत बसला तर कान व बोटे उजेडात तपासावीत. त्याच वेळी कानामागील गोचिडांकडेही पाहावे. गोचीड केवळ रक्त पीत नाही. तिच्याद्वारे कुत्र्याला तापाचे प्राणघातक रोग जडतात.

विहीर, तार आणि यंत्र

सशामागे किंवा मांजरामागे धावणाऱ्या कुत्र्याला कठडा नसलेली विहीर दिसत नाही. विहिरीत पडलेला कुत्रा पोहत राहतो, परंतु चढण्यास आधार नसल्याने अखेर थकून बुडतो. त्याला काढण्यासाठी घाईने कोणी खाली उतरू नये. बाजेच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधून ती पाण्यावर सोडावी. कुत्रा तिच्यावर चढला की सावकाश ओढून घ्यावी. कठडा बांधणे शक्य नसल्यास निदान काटेरी कुंपण तरी करावे.

रानडुकरांच्या त्रासाने काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत घरगुती वीज सोडली जाते. हा गुन्हा तर आहेच, शिवाय रानडुकराऐवजी शेजाऱ्याचा कुत्रा, गाय किंवा खुद्द शेजारीच बळी पडण्याचा संभव असतो. क्षणिक झटका देणारे सौर कुंपण हा रीतसर पर्याय आहे. पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात दारू भरून डुकरांसाठी ठेवलेले स्फोटक गोळे याहून भयंकर. कुत्र्याने असा गोळा चावला तर त्याचा जबडाच उडतो. असे गोळे आढळल्यास हात न लावता पोलीस व वन विभागास कळवावे.

उन्हाच्या वेळी कुत्रा ट्रॅक्टरच्या किंवा उसाच्या ट्रॉलीच्या सावलीत निजतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी एकदा वाकून चाकाखाली पाहण्याची सवय चालकाने लावून घ्यावी.

रात्रीची राखण आणि बिबट्या

उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता नवा राहिलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या भक्ष्यात पाळीव व गावातील प्राण्यांचा वाटा ८७ टक्के होता आणि त्यात सर्वाधिक, म्हणजे ३९ टक्के, वाटा कुत्र्यांचा होता. अशा भागात अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा राखणदार नसून आयते भक्ष्य ठरतो. त्याला पळताही येत नाही व झुंजताही येत नाही. रात्री त्याला बंद पडवीत किंवा जाळीच्या खोलीत ठेवावे. तेथूनही तो वास घेतो व भुंकतो. राखण चुकत नाही. बाहेर फिरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा रुंद पट्टा असावा, कारण बिबट्या मान धरतो. घराजवळ मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण टाकू नये. त्या वासाने भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या येतो.

पिसाळणे: कुत्र्याचा व माणसाचा समान शत्रू

रेबीज हा रोग लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ निश्चितपणे मृत्यू आणतो. परंतु लसीने तो पूर्णपणे टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये माणसाला प्रथम ही लस दिली. कुत्र्यास पहिली लस तिसऱ्या महिन्यात टोचावी, पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुन्हा द्यावी व पुढे दरवर्षी चुकवू नये.

पिसाळलेला कुत्रा नेहमी चावत सुटतोच असे नाही. काही वेळा तो कोपऱ्यात गप्प बसतो, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो व लाळ गळते. घशात हाड अडकले असावे या समजुतीने मालक तोंडात हात घालतो आणि तेथेच घात होतो. असा हात कधीही घालू नये.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड लावू नये. कुत्रा ओळखीचा असला तरी वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अद्याप गावोगावी आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती व २००५ नंतर ती वापरात नाही. आजची लस दंडात, थोड्याच मात्रांत दिली जाते. तिची प्रत्येक मात्रा ठरल्या दिवशी घेणे मात्र अत्यावश्यक आहे.

एक फेरी कुत्र्यामागे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वस्तीस भेट दिली असता पीकपाहणीबरोबर आणखी एक पाहणी करावी. घरचा कुत्रा दिवसभर जेथे जेथे जातो, तेथे मालकासह एक फेरी मारावी. उंदराचे आमिष उघडे आहे काय? फवारणीची बाटली कुलपात आहे काय? विहिरीला कठडा आहे काय? तारेत वीज तर सोडलेली नाही? लस टोचल्याची तारीख घरात कोणास सांगता येते काय? या पाच प्रश्नांची उत्तरे तेथल्या तेथे वहीत टिपावीत आणि पुढील भेटीत ती पुन्हा पडताळावीत.

ही खटपट केवळ कुत्र्यासाठी नाही. दोन वर्षांचे रांगते-धावते मूल कुत्र्याच्याच उंचीवरून जग पाहते, तेही दिसेल ती वस्तू तोंडात घालते आणि त्याच वाटांनी फिरते. ज्या वस्तीवर खोडकर कुत्रा सुखरूप म्हातारा होतो, त्या वस्तीवर मुलांच्या वाटेतील कितीतरी धोकेही आपोआप दूर झालेले असतात. म्हणून कुत्र्याला झालेला अपघात क्षुल्लक समजून विसरू नये. तो का घडला याचा शोध त्याच दिवशी घ्यावा व ते कारण सूर्यास्तापूर्वी दूर करावे.