गळका पाइप आणि गोड विष

नाशिकहून मुंबईस मालखरेदीसाठी जाणाऱ्या व्यापाऱ्याला कसारा घाट नवा नाही. परतीच्या वाटेवर, कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना, बोनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी मोटार उन्हाळ्यात दृष्टीस पडते. तिच्या दुखण्याचा आरंभ बहुधा घाटात झालेला नसतो. तो काही दिवस आधी घराच्या अंगणातच झालेला असतो. गाडी हलविल्यावर फरशीवर उरलेला हिरवट किंवा गुलाबी डाग, इंजिनापाशी येणारा गोडसर वास आणि कूलंटच्या टाकीतील घटती पातळी ही त्याची लक्षणे होत.

इंजिनातील उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेण्याचे काम कूलंट करतो. चालत्या गाडीत त्याचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तो दाबाखाली कोंडलेला असल्यामुळे शंभर अंश ओलांडूनही सहसा उकळत नाही. त्याला वाहून नेणारे रबरी पाइप वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात, तेल लागून फुगतात आणि क्लिपेखाली चिरतात. गळतीमुळे द्रव घटतो, दाब उतरतो आणि चढावर इंजिन तापते. मग सिलिंडर हेड वाकून पाइपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

घरी करावयाचे काम

सहज हाताशी येणारा पाइप घरी बदलता येतो. इंजिनाच्या आडोशाला दडलेला किंवा टायमिंग बेल्टजवळचा पाइप मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावा. पहिला नियम एकच: इंजिन पूर्ण थंड झाल्याविना झाकण उघडू नये. तापलेल्या झाकणाखालून उसळणारा द्रव चेहरा व हात भाजून काढतो. शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हाती घ्यावी. काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही आपोआप फिरतो. म्हणून बॅटरीची ऋण तार सोडवावी.

खाली रुंद टब ठेवून कूलंट काढून घ्यावा. क्लिपा सैल करून पाइप गोल फिरवीत सोडवावा. तो चिकटून बसला असेल तर ओढू नये, कारण रेडिएटरचे प्लॅस्टिकचे तोंड तुटते. पाइपच बेताने उभा चिरावा. तोंड स्वच्छ पुसून त्याच गाडीसाठी बनलेला नवा पाइप पूर्ण आत बसवावा आणि क्लिप तोंडाच्या उंच कडेच्या आतील बाजूस आवळावी. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच कूलंट भरावा. तो घट्ट असल्यास सामान्यतः तितकेच डिस्टिल्ड वॉटर मिसळतात. तयार मिश्रणात पाणी घालू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळावे. बॅटरी पुन्हा जोडून, पुस्तिकेनुसार आतील हवा काढून, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवावे आणि गाडी निवाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

खरी जोखीम टबात

पाइप बसला की काम संपले असे वाटते; परंतु टबातील द्रव अद्याप तसाच असतो. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते गोड असते आणि विषारीही. गोडीमुळे कुत्रा ते चाटतो. मांजराला गोड चव कळत नाही. तरी पंजाला लागलेले चाटताना ते त्याच्या पोटात जाते. न मिसळलेल्या कूलंटचे चमचा-दोन चमचे मांजराचा जीव घेण्यास पुरेसे ठरतात. प्राणी प्रथम झिंगल्यासारखा चालतो, मग बरा झाल्याचा भास होतो आणि एक ते तीन दिवसांत त्याचे मूत्रपिंड निकामी होते. उपचार पहिल्या काही तासांतच गुणकारी ठरतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याची परळे ठेवणाऱ्या अंगणातच असे थारोळे राहावे, यासारखी विसंगती नाही. सांडलेला द्रव वाळू किंवा लाकडाच्या भुशाने शोषून घ्यावा व तो भुसा पिशवीत बांधावा. टब स्वयंपाकघरात परत नेऊ नये. कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कदापि भरू नये. घरातील लहान मूल त्याला सरबत समजेल. झाकणबंद डब्यावर नाव लिहून तो डबा, पिशवीसह, वापरलेले तेल व कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजकडे पोचवावा. गटारात ओतू नये. नंदिनी आणि वाघाडी शेवटी गोदावरीलाच मिळतात.

साधूंच्या पाच समितींपैकी पाचवी, परिष्ठापनिका समिती, टाकाऊ वस्तू जीवांना इजा न होईल अशा जागी विसर्जित करण्यास सांगते. ती गृहस्थाला बंधनकारक नसली तरी तिच्यातील विवेक त्याच्या अंगणालाही लागू पडतो. नवा पाइप गाडीला घाट चढवील. टबातील द्रव मार्गी लागला, म्हणजेच दुरुस्ती पूर्ण झाली.