पायांत दारू का होत नाही?

विनॉक्सिश्वसनाचा धडा आला की आमच्या अभ्यासिकेत एखादे मूल हमखास विचारते, "यीस्ट ऑक्सिजनशिवाय जगते तेव्हा दारू होते. जोरात पळताना आपल्या स्नायूंनाही ऑक्सिजन पुरत नाही. मग आपल्या पायांत दारू का होत नाही?" बाकीची मुले हसतात. आम्हांला मात्र हा प्रश्न मोलाचा वाटतो. केवळ घोकंपट्टी करणाऱ्याला तो सुचत नाही.

जमाखर्चाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्या नोंदी दोन्हीकडे सारख्याच. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात आणि पेशीच्या पदरात एटीपी या ऊर्जारेणूचे निव्वळ 2 रेणू पडतात. ऑक्सिजन पुरेसा असेल तर हीच कमाई 30 च्या घरात जाते. पण या कामात एनएडी नावाचा हमाल हायड्रोजनचे ओझे उचलतो. ते उतरविल्याशिवाय त्याला दुसरी खेप करता येत नाही. ओझे कोठे उतरवावयाचे, येथे दोघांच्या वाटा फुटतात.

यीस्ट पायरुविक आम्लातून आधी कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि उरलेल्या पदार्थावर हायड्रोजन उतरविते. त्याचे अल्कोहोल होते. पावाचे पीठ फुगते ते याच वायूमुळे.

स्नायू हायड्रोजन थेट पायरुविक आम्लावरच उतरवितात. त्याचे लॅक्टिक आम्ल होते. वायू काढून अल्कोहोलची वाट मोकळी करणारे यीस्टमधील विकर आपल्या स्नायूंत नाही. म्हणून तेथे दारू होत नाही.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. यीस्टचे अल्कोहोल पेशीबाहेर जाते. स्नायूंतील लॅक्टिक आम्ल वाया जात नाही. रक्तावाटे ते यकृतात पोहोचते व तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. या फेऱ्याला कार्ल व गर्टी कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याचे नाव आहे. या दोघांना 1947 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयही हे आम्ल इंधन म्हणून वापरते.

आपल्यातील अनेकजण हमाली करतात, बांधकामावर राबतात. दुसऱ्या दिवशी अंग ठणकले की "आम्ल साठले" असे म्हणतात. ते खरे नव्हे. काम थांबल्यावर साधारण तासाभरात ते आम्ल निघून जाते. सवयीपेक्षा जड काम केल्यावरचा तो ठणका स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचा असतो. त्या भरून यावयास वेळ लागतो. तेव्हा बंधुभगिनींनो, आम्ल उतरविणारे औषध शोधत बसू नका. अंगाला विश्रांती द्या.