कोड होस्टिंग सेवा

कोड होस्टिंग सेवा म्हणजे सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, त्यातील बदलांच्या संपूर्ण इतिहासासह, आंतरजालावर साठवणारी आणि अनेक विकासकांना त्यावर एकत्रितपणे काम करू देणारी सेवा होय. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट आणि कोडबर्ग या अशा प्रमुख सेवा आहेत. दोषांच्या नोंदी, सुधारणांचे प्रस्ताव, त्यांवरील चर्चा आणि तयार आवृत्त्यांचे वितरण या सोयीही त्यांत असतात.

इतिहास

१९९९ मध्ये सुरू झालेली सोर्सफोर्ज ही मुक्त स्रोत प्रकल्पांना विनामूल्य जागा देणारी आरंभीची मोठी सेवा होती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट ही आवृत्ती नियंत्रण प्रणाली निर्माण केली. तिच्यावर आधारित गिटहब २००८ मध्ये सुरू झाले व २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेली गूगल कोड ही सेवा २०१६ मध्ये बंद झाली. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल या प्रणालीवरील भांडारे ठेवणे थांबवले. मोठ्या कंपनीचा आधार हा सेवेच्या स्थैर्याची हमी ठरत नाही, हे यातून दिसून आले.

निवडीचे निकष

लहान प्रकल्पासाठी खर्च, खासगी भांडाराची सोय आणि संभाव्य सहकाऱ्यांची उपस्थिती हे प्राथमिक निकष असतात. गिटहबवर विनामूल्य खात्यांनाही २०१९ पासून अमर्याद खासगी भांडारे ठेवता येतात. बर्लिनमधील ना-नफा संस्थेमार्फत चालणारे कोडबर्ग हे प्रामुख्याने मुक्त परवान्याच्या प्रकल्पांसाठी आहे. गिटलॅबची मुक्त स्रोत आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. मात्र तेथे देखभाल, सुरक्षा अद्यतने आणि राखीव प्रती यांची जबाबदारी प्रकल्पाकडेच राहते.

स्थलांतर

गिटमध्ये भांडाराच्या प्रत्येक पूर्ण प्रतीत बदलांचा इतिहास सामावलेला असतो. त्यामुळे सेवा बंद पडली तरी कोड दुसरीकडे हलवणे सोपे असते. दोषनोंदी आणि चर्चा मात्र सेवेच्या स्वतंत्र विदागारात असतात, त्यामुळे त्या अशा प्रतीबरोबर येत नाहीत. एखादा बदल का केला गेला, याचे स्पष्टीकरण अनेकदा याच चर्चांमध्ये असते. म्हणून सेवा निवडताना ही माहिती निर्यात करता येते का, हे तपासणे आवश्यक ठरते. महत्त्वाच्या निर्णयांची कारणे आणि दस्तऐवज भांडारातच ठेवल्यास, तसेच प्रकल्पाच्या संकेतस्थळासाठी स्वतःचे डोमेन नाव वापरल्यास, सेवा बदलतानाची हानी मर्यादित राहते.