तिकिटांवरचे वनस्पतिशास्त्रज्ञ – भाग ६ : गार्सिया द ऑर्ता

मागच्या भागात आपण स्वीडनला, लिनियसच्या तिकिटांपाशी होतो. आज आपल्याच अंगणात येऊ.

पोर्तुगीज सरकारने १९४६ साली आपल्या इथल्या वसाहतीसाठी, म्हणजे गोवा-दमण-दीवसाठी, ऐतिहासिक व्यक्तींच्या तिकिटांचा एक संच काढला. त्यात वास्को द गामा आहे, आल्बुकर्क आहे, संत फ्रान्सिस झेवियर आहेत, कवी कामोंइश आहे. आणि या दर्यावर्दी, संत नि कवींच्या पंगतीत एक वैद्य बसला आहे, गार्सिया द ऑर्ता.

ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवलं आहे.

ते लिहिलं त्या पुस्तकासाठीच त्याला तिकिटावर जागा मिळाली, असं मी मानतो. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे हे संवाद १५६३ साली गोव्यातच छापले गेले. छपाईच्या चुका ढीगभर, पण मजकूर अस्सल. रुआनो नावाचा पाहुणा युरोपातल्या ग्रंथांचे दाखले देतो आणि ऑर्ता त्याला समोरचं फळ, पान, साल दाखवतो. मध्येच अंतोनिया ही घरातली दासी हवी ती वस्तू आणून देते. स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती, अशी कबुलीही तो देतो. ग्रीक पंडितांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानणं याला त्या काळी फार मोठं धैर्य लागत होतं.

पटकीवरचा संवाद तर मराठी माणसाने वाचावाच. या रोगाला इथले लोक काय म्हणतात, ते ऑर्ता नोंदवतो. त्याच्या लिपीतून वाट काढत आपण पोचतो ते थेट आपल्या ‘मोडशी’पाशी! पोर्तुगीजांनी या शब्दाचं ‘मोर्देशी’ केलं, हेही तोच सांगतो. आजीच्या तोंडचा हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यकाच्या पुस्तकात भेटतो, तेव्हा मला भरून येतं.

१५६७ मध्ये क्लुसियस या युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप काढला आणि ऑर्ताचं ज्ञान युरोपभर पोचलं. पुढच्याच वर्षी ऑर्ता गेला.

ऑर्ताचं घराणं मूळचं ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. घरात गुप्तपणे जुना धर्म पाळतात, या आरोपावरून गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारीना हिला १५६९ मध्ये जिवंत जाळलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. हे न्यायासन गोव्यात आणावं, अशी विनंती झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती. त्या पत्राला बरोबर चारशे वर्षं झाली, त्या साली झेवियर आणि ऑर्ता एकाच संचात आले. तिकीट चिमट्यात धरलं की दरवेळी मला ती बहीण आठवते. तिच्या नावाचं तिकीट मी कुठे पाहिलेलं नाही.

अल्बममध्ये हा संच लावताना मी किमतीचा क्रम पाळलेला नाही. ऑर्ताशेजारी कामोंइशला ठेवलं आहे. ऑर्ताच्या पुस्तकाच्या आरंभी एका तरुण मित्राची कविता आहे. कामोंइशची छापली गेलेली ती पहिली कविता.